दादूने पाठवलेली मोरस

ठोसर काका पानं चाटतात. विड्याची नाही हो, तिवराची. खाडीकाठी चिखलात पाय रोवून जी हिरवी झुडपं उभी असतात ना, ती तिवरं. त्याचं एक पान तोडायचं, उजेडाकडे धरायचं आणि जिभेने सर्रकन चाटायचं. मग डोळे मिटून, मान हलवून म्हणायचं, "आहा! इथे भरती रोज येते."

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, माणसाला फिट आली. मी पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाशी धरली.

"वहिनी, चप्पल खाली ठेवा," डोळे न उघडता काका म्हणाले. "आणि तुम्ही पण चाटून बघा. वर मीठ आहे. हे झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानावाटे बाहेर टाकतं. घाम येतो त्याला."

मी चाटलं नाही. आमच्या ह्यांनी चाटलं. ह्यांना फुकटचं काहीही चालतं.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, मिठागरांच्या अंगाला. मी तिची सेक्रेटरी. हे पद मी मागितलेलं नव्हतं. ज्या मीटिंगला सेक्रेटरी निवडायची होती त्या मीटिंगला मी गेले नाही, म्हणून मला निवडलं. तेव्हापासून मी एकही मीटिंग चुकवत नाही, न जाणो अजून काय गळ्यात मारतील. ठोसर काका आमच्या समोरच्याच दारात राहतात. बुटकी मूर्ती, खाकी शर्ट, खिशात भिंग आणि पायात बारा महिने गमबूट. लग्नालासुद्धा गमबूट. विचारलं तर म्हणतात, "जमिनीचा काय भरवसा, वहिनी?"

त्यांची सगळी नोकरी माती तपासायच्या एका लॅबमध्ये गेली. बिल्डिंग बांधायची, पूल बांधायचा, की आधी जमिनीला भोक पाडून माती काढायची आणि ती तपासायची, हे त्यांचं काम. पण काकांचा मशिनवर काडीचाही विश्वास नाही. "जमिनीला भोकं कशाला पाडायची? वर झाड उभं आहे ना? झाडाला विचारा की!" हे त्यांचं पालुपद. साहेब म्हणायचे, ठोसर, रिपोर्ट द्या. हे रिपोर्टाला पान टाचून द्यायचे. रिटायर झाले तेव्हा लॅबमधले सगळे रडले असं काका सांगतात. का रडले ते मी विचारलेलं नाही.

काकांचं शास्त्र तसं सोपं आहे. तिवर दिसलं की भरतीचं पाणी रोज येतं. पाणकणीस, म्हणजे ते सिगारसारखं तपकिरी कणीस येणारं उंच गवत, दिसलं की समजायचं तिथे नाल्याचं गोडं, घाण पाणी शिरलंय. भिंतीच्या कडेला अळू माजला की बाथरूमचा पाइप फुटलाय. आणि मोरस दिसली, की जमिनीत मीठ आहे. मोरस म्हणजे सुईसारख्या जाडसर पानांचं, टोकाला लालसर झालेलं बुटकं झुडूप. "बी काय, वाऱ्याने कुठेही उडतं," काका बोट नाचवत सांगतात, "पण टिकतं कुठे? जिथली माती त्याला मानवते तिथे. माणूस खोटं बोलेल, महापालिका खोटं बोलेल, झाड बोलणार नाही!"

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण काकांनी तेच शास्त्र माणसांना लावायला घेतलं. तिसऱ्या मजल्यावरचे शहाभाई पाणकणीस. कुठेही नाला दिसला की तिथे टरारून वाढणार. शहाभाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "उंच वाढते ना? मग चालेल." मला काका मारांडी म्हणतात. खाडीच्या कडेला वाढणारं काटेरी पानांचं झुडूप, पण फुलं म्हणे फार सुंदर, निळी. आमच्या ह्यांनी त्यातले काटे तेवढे लक्षात ठेवलेत.

काका पुतणीसाठी स्थळ बघायला जोगेश्वरीला गेले होते, तेव्हाची गोष्ट तर ऐकाच. मुलगा शिकलेला, घर स्वतःचं, सगळं झकास. मंडळी आत पोहे खात बसली आणि काका बाहेर! घराच्या मागच्या भिंतीशी गमबूट घालून उकिडवे बसलेले. मुलाचे वडील शोधत आले तर काका हातात अळूचं पान घेऊन उभे.

"पाइप कधीपासून गळतोय?" काकांनी विचारलं.

"कुठला पाइप? काही गळत नाही," ते म्हणाले.

"अळू माझ्या कमरेएवढा झालाय, साहेब. वर्ष तरी झालं असेल. जी माणसं वर्षभर पाइप दुरुस्त करत नाहीत, ती बायकोचं दुखणं काय बघणार?"

स्थळ तिथेच बारगळलं. पुतणी आठवडाभर काकांशी बोलली नाही. पण येताना काका तो अळू मात्र घेऊन आले. फदफदं मी पण खाल्लं. चांगलं झालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाचं सोसायटीने मनावर घेतलंच कशाला? तर त्याला कारण झाला आमच्या पंपाचा पाइप. पाण्याचं बिल वाढत चाललं होतं आणि कुठे गळतंय ते प्लंबरला सापडत नव्हतं. काका सकाळी कंपाउंडमध्ये फेरी मारत होते, ते मध्येच थबकले. फरशीच्या फटीतून लव्हाळ्याचं गवत हिरवंगार वर आलं होतं, भर मे महिन्यात! "याचे पाय ओले आहेत," काका म्हणाले. "खणा इथे." खणलं, तर पाइपला ही एवढी भेग. तेव्हापासून काका म्हणजे सोसायटीत देव. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगचे गुलाब बंद झाले आणि गवताचे फोटो सुरू झाले. 'काका हे काय?' 'काका हे बाथरूमच्या खिडकीत आलंय, वाट लागली का?' देसाईंच्या सूनबाईंनी तर केक फुगला नाही म्हणून त्याचाच फोटो टाकला. काकांनी उत्तर दिलं, 'ओलावा जास्त.'

आता काकूंबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशीच येऊन थांबतं. हिराकाकू मूळच्या वर्सोव्याच्या, कोळ्याच्या घरातल्या. काका तरुणपणी तिथे धक्क्याच्या कामासाठी माती काढायला गेले होते. चिखलात उभं राहून पान चाटत होते. काकूंना वाटलं, बिचारा उपाशी आहे. त्यांनी घरून भाकरी आणि मोरसची भाजी आणून दिली, सुका जवळा घालून केलेली. काकांनी घास घेतला आणि विचारलं, "ही उगवते कुठे?" अशी यांची प्रेमकहाणी! नाव नाही विचारलं हो मेल्याने, आधी भाजीचा पत्ता विचारला.

लग्न झालं, पण काकूंच्या घरच्यांना हा जातीबाहेरचा, पानं चाटणारा जावई पसंत नव्हता. आईवडील पुढे गेले. राहिला एक भाऊ, दादू. त्याने त्या दिवसापासून बहिणीचं नाव टाकलं. किती राख्या गेल्या, एकीचं उत्तर नाही. काकू तशा हसतमुख, पण भाऊबीजेला दार लावून घेतात.

तरी पण वर्षातून दोन-तीनदा काका कापडी पिशवी घेऊन घरी यायचे. पिशवीत मोरस. "दादू भेटला स्टेशनबाहेर. म्हणाला, ताईला दे. मी म्हटलं वर चल, तर लाजला." काकू पिशवी पदराखाली धरून आत न्यायच्या. मग संध्याकाळी वाटी आमच्याकडे यायची. "घे गो, माहेरची आहे. दादूने पाठवलीय," असं सांगताना काकूंचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मला वाटायचं, चला, भाऊ अगदीच दगड नाही.

आणि मग त्या दिवशी सकाळी शहाभाईंनी ग्रुपवर फोटो टाकला.

पंपरूमच्या मागचा कोपरा. तिथे कोणी जात नाही, जुनी फुटकी टाकी पडलेली असते. शहाभाई तिथे गाडी लावता येईल का बघायला गेले होते. टाकीच्या आडोशाला सुईसारख्या पानांचं, टोकाला लालसर झालेलं, चांगलं दाट, रसरशीत झुडूप! खाली शहाभाईंचा मजकूर: 'काका आ तो मोरस छे ने?'

पाच मिनिटांत बोंबाबोंब झाली. काकांनी सगळ्यांना शिकवून ठेवलं होतं ना, मोरस म्हणजे जमिनीत मीठ. जमिनीत मीठ म्हणजे खाली खारं पाणी. म्हणजे खाडी बिल्डिंगखाली आली! देसाई म्हणाले, पायातले गज गंजले असणार. कोणाला रात्री बिल्डिंग हलल्यासारखी वाटली होती. शहाभाईंच्या मुलाचं लग्न ठरत होतं, ते म्हणाले, "बुडत्या घरात कोण मुलगी देईल?" संध्याकाळी पार्किंगमध्ये तातडीची मीटिंग आणि उद्या सकाळी ठेकेदार बोलावून तो कोपरा पायापर्यंत खणायचा, असं ग्रुपवर ठरूनसुद्धा गेलं. सेक्रेटरीला कोण विचारतो!

फक्त काकांचं उत्तर नव्हतं. गवताची काडी दिसली तरी चार ओळी लिहिणारा माणूस गप्प.

दुपारी काकू झोपल्या असताना काका माझ्या दारात आले. पायात गमबूट नव्हते. मी त्यांची पावलं पहिल्यांदाच पाहत होते, गोरी गोरी, लहान मुलाच्या पावलांसारखी.

"वहिनी, मीटिंग रद्द करा," ते पुटपुटले. "खाली खाडीबिडी काही नाही. ती मोरस मी लावलीय."

"तुम्ही? आणि मीठ?"

"मीच घालतो. पाण्यातून. बेताबेताने घालतो हो, बिल्डिंगच्या पायाला धक्का नको म्हणून."

"पण का, काका? दादू देतो ना आणून?"

काका माझ्या पायपुसण्याकडे बघत राहिले. "कुठला दादू, वहिनी? मी दोनदा जाऊन आलो त्याच्याकडे. दारातून परत पाठवलं त्याने. हिला तेव्हा खाडीची भाजी खायची इच्छा झाली होती, आजारातून उठली होती. आपल्या खाडीवर गेलो तर मोरसच्या शेजारी पाणकणीस आलेलं. म्हणजे नाल्याचं पाणी. तसली भाजी हिला कशी घालू? मग मी रोप आणून इथे लावलं. आणि पहिल्यांदा घरी नेली तेव्हा हिने विचारलं, कुठून आणली? माझ्या तोंडून निघून गेलं, दादूने पाठवली. तेव्हा हिचा चेहरा असा काही झाला, की मग मला ते मागे घेता येईना."

मला एकदम रडूच आलं. मी उगीच पायपुसणं झटकलं.

"हिला कळता कामा नये," काका म्हणाले. "बाकी मला वेडा म्हणा, दंड करा, काही करा. पण खरं सांगितलं तर हिचं माहेर जाईल, वहिनी. आणि नाही सांगितलं तर उद्या सगळे मिळून पाया उकरतील आणि चांगल्या बिल्डिंगची वाट लावतील."

"मी बघते," मी म्हटलं. झाशीच्या राणीच्या थाटात म्हटलं.

मीटिंग रद्द कसली होतेय? पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून सगळे बसलेले. शहाभाईंनी कुठूनतरी पहार पैदा केली होती. हिराकाकू पुढच्याच रांगेत बसल्या होत्या, मांडीवर वाटाण्याच्या शेंगा सोलत. कुठेही रिकामं बसायचं नाही, हा त्यांचा नेम.

मी उभी राहिले आणि सुचेल ते ठोकून दिलं. म्हटलं, ते मोरस नाहीच, ती शोभेची झुडपं असतात तसलं काहीतरी आहे. देसाईंच्या मुलीने लगेच भिंग आणून दाखवलं, मोरसच आहे. काकांनीच शिकवलं होतं तिला! मग मी म्हटलं, बी उडून आलं असेल. तर सगळे एका सुरात, वर्गात म्हणतात तसं म्हणाले, "बी कुठेही उडतं, पण टिकतं कुठे?" मी खाली बसले. आमचे हे कानात म्हणाले, "तू कशाला मध्ये पडतेस?" मी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

"काका, तुम्ही बोला," शहाभाई म्हणाले. "झाड खोटं बोलते काय?"

काका उभे राहिले. घाम फुटला होता त्यांना. आधी त्यांनी बिल्डिंगकडे बघितलं, मग काकूंकडे. "झाड..." ते म्हणाले आणि थांबले. "झाड कधीकधी..." आयुष्यभर जे वाक्य छातीठोकपणे सांगितलं, ते मोडायला निघाला होता हा माणूस, आणि तेही जमेना.

"अहो, बसा खाली," काकू म्हणाल्या. शेंग सोलता सोलताच म्हणाल्या. "शहाभाई, ती पहार ठेवा बाजूला, कोणाच्या पायावर पडेल. खाडी नाही नि काही नाही. हे मीठ घालतात तिथे."

काका खाली बसले, ते खुर्चीच्या अगदी कडेवर.

"तुला..." ते काकूंकडे वळले. "तुला ठाऊक होतं? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." काकूंनी दाणे ताटलीत टाकले. "खाडीची मोरस दोनदा उकळून पाणी फेकावं लागतं, इतकी खारट असते. आमच्याकडे मोरसच्या भाजीत कोणी मीठ घालत नाही. तुमच्या मोरसला मला वरून मीठ घालावं लागलं. मी चाखली आणि म्हटलं, ही खाडीची नाही, ही कोणीतरी भीत भीत वाढवलीय. एवढी वर्षं सगळ्या जगाला सांगता ना, झाडाला विचारा? मी विचारलं."

कोणीतरी हसलं.

"मग बोलली का नाहीस?" काकांनी विचारलं.

काकूंचे हात पहिल्यांदा थांबले. "बोलले असते तर दादू पाठवायचा बंद झाला असता ना."

मी पदराने डोळे पुसत होते, शहाभाई पहारीला टेकून उभे होते, देसाई चष्मा पुसत होते. शेवटी शहाभाईंनीच घसा खाकरून विचारलं, "म्हणजे बिल्डिंगला कंई नथी ना?"

"काही नाही," काका म्हणाले. "पण मीठ आता इथे नको. पाया आहे."

त्यावर शहाभाईंनी जे केलं, त्याने मी त्यांना पाणकणीस म्हणणं सोडून दिलं. त्यांच्या घरात नवीन बाथरूम होत होतं आणि जुना बाथटब जिन्यात पडून होता, गुलाबी रंगाचा. तो त्यांनी दुसऱ्या दिवशी माणसं लावून खाली आणला, काकांनी त्यात माती भरली आणि मोरस त्यात हलवली. आता आमच्या गेटमधून आत आलात की उजव्या हाताला सगळ्यात आधी गुलाबी बाथटब दिसतो. पाहुणे विचारतात, हे काय? वॉचमन सांगतो, "माहेर है." कोणी शिकवलं त्याला, देव जाणे.

टबात किती मीठ घालायचं, हे आता काकू ठरवतात. सकाळी काका बादली घेऊन उभे आणि काकू टबाच्या कडेवर बसून पानाचा शेंडा चावणार. "अजून नाही. घाला अजून." काका घालतात. आता भाजीत वरून मीठ घालावं लागत नाही.

परवाच वाटी आली आमच्याकडे. आमच्या खिडकीतून तो टब दिसतो, त्यातले शेंडे सकाळीच खुडलेले मी पाहिले होते. काकू दारात, मागे गमबूट घातलेले काका.

"घे गो," काकू म्हणाल्या. "दादूने पाठवलीय."

"हो, स्टेशनबाहेर भेटला," मागून काका म्हणाले.

मी वाटी घेतली. "कसा आहे दादू?"

"बरा आहे," काकू म्हणाल्या. "वर ये म्हटलं तर अजून लाजतो."